पोकळी घडवणारा माणूस: मुंबईत जन्मलेला ब्रिटिश शिल्पकार अनिश कपूर

(एपिसोडचं लिखित रूप. बोलण्यातले शब्द शक्य तितके तसेच ठेवलेत.)



आज मी स्टुडिओत नाही. आज आहे कुसगावात, लोणावळ्याला खेटून. मागे पावसाचा आवाज येतोय ना, तो खरा आहे, नंतर टाकलेला नाही. समोर डोंगर आहे, म्हणजे असावा, कारण ढग इतके खाली आलेत की काहीच दिसत नाहीये.

इथे यायचं कारण एक मेसेज. कुसगावात राहून इंजिनिअरिंग करणाऱ्या एका श्रोत्यानं पाठवलेला. नाव सांगत नाही, त्यानंच नको म्हटलंय. तो लिहितो, "दादा, सेकंड इयरला आहे. दोन विषय राहिलेत. मॅथ्स डोक्यावरून जातं. मला शिल्पकला शिकायचीय. बाबा म्हणतात आधी डिग्री घे, मग काय मातीकाम करायचंय ते कर. इंजिनिअरिंग सोडून मोठा झालेला एखादा शिल्पकार सांगा. एपिसोड करा, घरी ऐकवतो."

तर मित्रा, असा माणूस आहे. त्यानं इंजिनिअरिंग खरंच सोडलं, आणि तेही गणितामुळेच. पण घरी ऐकवण्याआधी तू स्वतः शेवटपर्यंत ऐक. अर्धा ऐकवलास तर भांडण होईल, आणि ते माझ्या नावावर जाईल.

त्या माणसाचं नाव अनिश कपूर. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या जिवंत शिल्पकारांपैकी एक. पुस्तकात, म्युझियममध्ये त्यांची ओळख 'ब्रिटिश शिल्पकार' अशी असते. जन्म मात्र मुंबईचा, १२ मार्च १९५४.

बगदाद, पुणे, मुंबई

सुरुवात घरापासून करू. वडील पंजाबी हिंदू, नौदलात हायड्रोग्राफर. हायड्रोग्राफर म्हणजे समुद्राच्या तळाची मापं घेऊन नकाशे करणारा. कुठे पाणी किती खोल, कुठे खडक, हे त्यावरून कळतं. खोली मोजणाऱ्या माणसाचा मुलगा पुढे अशी भोकं करणार होता की ज्यांची खोली डोळ्याला कळूच नये. हा योगायोगच, मी त्यातून काही सिद्ध करत नाही. पण गंमत आहे.

आई ज्यू. तिचं कुटुंब बगदादहून भारतात आलं तेव्हा ती काही महिन्यांची होती. आणि तिचे वडील, म्हणजे अनिशचे आजोबा, पुण्याच्या सिनेगॉगमध्ये कँटर होते. कँटर म्हणजे प्रार्थना गाऊन म्हणणारे, त्यात सगळ्यांना पुढे घेऊन जाणारे.

पुणेकरांना 'लाल देऊळ' माहीत असेल. कॅम्पातलं लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं ते सिनेगॉग. लांबून चर्च वाटतं. डेव्हिड ससून या बगदादी ज्यू व्यापाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात ते उभारलं. ससून हॉस्पिटलचं नाव त्याच्यावरूनच. म्हणजे बगदादहून आलेली माणसं आपल्या पुण्यात, मुंबईत इतकी रुजली होती की त्यांच्या देवळाला लोकांनी सरळ मराठी नाव देऊन टाकलं.

म्हणून पहिल्यांदाच सांगतो: 'तो मूळचा कुठला?' हा प्रश्न या माणसाच्या बाबतीत फार लवकर अडकतो. पंजाब म्हणा, बगदाद म्हणा, पुणे म्हणा, मुंबई म्हणा. सगळं थोडं थोडं बरोबर.

शाळा डेहराडूनची, दून स्कूल. तिथे त्याचा जीव अजिबात रमला नाही, हे त्यांनी नंतर सांगितलंय.

सहा महिन्यांचं इंजिनिअरिंग

१९७१. अनिश सतरा वर्षांचा. भावाबरोबर तो इस्रायलला गेला. आधी किबुत्झमध्ये राहिला. किबुत्झ म्हणजे सगळ्यांनी मिळून शेती करायची, मिळून जेवायचं, मिळकत सगळ्यांची एक, अशी वस्ती. मग इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. सहा महिने टिकला. गणित जमेना. सोडलं.

आता इथे थांब, मित्रा. कारण इथपर्यंतच ऐकून लोक टाळ्या वाजवतात. 'बघा, सोडलं आणि मोठा झाला!'

त्या काळात त्याची मनःस्थिती फार वाईट होती. तो कोसळला होता. कपूर यांनी हे लपवलेलं नाही, मोकळेपणानं सांगितलंय. पुढेही अनेक वर्षं त्यांनी मनोविश्लेषणाचे उपचार घेतले. त्या दिवसांतली एक गोष्ट त्यांनी मुलाखतीत सांगितलीय. त्यांची एक मावशी-आत्या नात्यातली बाई इस्रायलमध्ये होती, थोडी जाणती, तोडगे सांगणारी. तिनं अनिशच्या आईला सांगितलं, भारतातून माती आण आणि पोराच्या खाटेखाली ठेव. आईनं ती आणली.

मातीनं बरं वाटलं का, हा आपला विषय नाही. बरं वाटत नसेल तर डॉक्टरकडे जायचं, हे मी प्रत्येक एपिसोडला सांगतो, आजही सांगतो. पण कल्पना करा, खाटेखाली आपल्या मुलखाच्या मातीचा एक छोटा ढीग. पुढे या माणसाचं नाव ज्या कामामुळे झालं, ते काम म्हणजे जमिनीवर ठेवलेले रंगाच्या पुडीचे ढीग.

हळदी-कुंकवाचे ढीग

१९७३ साली तो लंडनला आला. आधी हॉर्नसी कॉलेज ऑफ आर्ट, मग चेल्सी स्कूल ऑफ आर्ट. शिक्षण झालं तोवर १९७८ उजाडलं. पुढे थोडा काळ शिकवण्याची नोकरी. नाव कुणाला माहीत नाही. लंडनमध्ये असे कलाविद्यार्थी शेकड्यानं होते.

१९७९ मध्ये तो भारतात येऊन गेला. देवळांच्या बाहेर, बाजारात त्यानं सुट्या रंगांचे ढीग पाहिले. आपण रोज पाहतो तेच. इथून काही किलोमीटरवर कार्ल्याची एकवीरा आई आहे. कोळी, आगरी मंडळी मुंबईहून, रायगडाहून पालख्या घेऊन येतात. पायऱ्यांच्या कडेला दुकानं लागलेली असतात. परातीत हळदीचा शंकू, शेजारी कुंकवाचा शंकू, गुलाल. दुकानदार किती सफाईनं त्याचं टोक काढतो पाहिलंय? आपल्याला त्यात 'कला' दिसत नाही, कारण आपण त्यातच वाढलो.

आठ वर्षं बाहेर राहून आलेल्या माणसाला ते दिसलं. लंडनला परत जाऊन त्यानं एक मालिका सुरू केली. नाव ठेवलं 'एक हजार नावं'. आपल्याला लगेच सहस्रनाम आठवतं. जमिनीवर छोटे छोटे आकार, कुठे शंकू, कुठे पायऱ्यांचा डोंगर, कुठे अर्धा गोल. वरून कोरडी रंगाची पूड. लाल, पिवळी, निळी, पांढरी. पूड कडेला जमिनीवर सांडलेली, त्यामुळे तो आकार तिथे ठेवलाय असं वाटत नाही, जमिनीतूनच उगवलाय असं वाटतं. जणू मोठा भाग खाली आहे आणि आपल्याला टोकच दिसतंय.

याआधी शिल्प म्हटलं की दगड, धातू, लाकूड. टिकाऊ वस्तू. याचं शिल्प असं की फुंकर मारली तर बिघडेल. हात लावला तर बोट रंगेल आणि शिल्पावर बोटाचा खड्डा राहील.

त्या सुमारास ब्रिटनमध्ये टोनी क्रॅग, रिचर्ड डीकन, बिल वुड्रो अशी तरुण शिल्पकारांची फळी पुढे येत होती. कुणी प्लास्टिकचा कचरा वापरत होता, कुणी जुन्या वॉशिंग मशीनचा पत्रा कापत होता. समीक्षकांनी या सगळ्यांना 'न्यू ब्रिटिश स्कल्प्चर' असं नाव दिलं. कपूर त्यात मोजले गेले. 'ब्रिटिश' हा शिक्का बसला तो इथे.

आणि याच वेळी दुसरा शिक्काही बसत होता: 'भारतीय कलाकार'. रंग आला, मग भारतीय. अध्यात्म आलं, मग भारतीय. कपूर यांना हे आवडेना. मी भारतीय आहे, पण माझ्या कामाकडे त्या एकाच खिडकीतून बघू नका, असं ते पहिल्यापासून म्हणत आले.

त्यांचं म्हणणं का महत्त्वाचं, ते कळायला शंभर वर्षं मागे जाऊ. १८९६ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूलमधला विशीतला मराठी मुलगा, गणपतराव म्हात्रे, 'मंदिरपथगामिनी' हे शिल्प करतो. नऊवारी नेसलेली, पूजेला निघालेली तरुणी. अप्रतिम काम. पण तेव्हा सगळ्यांना उत्सुकता कशाची, तर साहेब काय म्हणतो याची. जॉर्ज बर्डवुडसारख्या इंग्रज जाणकारानं वाखाणलं, तेव्हा सगळीकडे चर्चा. म्हात्र्यांना आपलं कसब साहेबाच्या मापानं सिद्ध करावं लागलं. कपूर यांच्या पिढीपुढे वेगळीच पंचाईत होती. साहेब कौतुक करायला तयार होता, पण 'तुझ्या देशासारखं काहीतरी कर' या अटीवर.

दगडातला अंधार

१९८० च्या दशकात कपूर यांचं काम आत वळलं. ढीग बाहेर येतात, आता खड्डे आत जायला लागले.

'व्हॉइड फील्ड' हे १९८९ चं काम घ्या. खडबडीत वालुकाश्माचे मोठमोठे दगड एका खोलीत मांडलेले. न तासलेले, खाणीतून आणावेत तसे. प्रत्येकाच्या माथ्यावर एक छोटं गोल काळं वर्तुळ. लांबून वाटतं, काळा ठिपका रंगवलाय. जवळ जाऊन वाकलात की कळतं, ते भोक आहे. दगड आतून पोकळ केलाय आणि आत गडद रंगाची पूड लावलीय.

हे कसं काम करतं ते सांगतो. आपला डोळा खोली ओळखतो ती प्रकाश आणि सावलीवरून. खड्ड्याची कड उजळ, आतली भिंत थोडी काळी, तळ आणखी काळा. या पायऱ्यांवरून मेंदू अंदाज बांधतो. आतल्या पृष्ठभागावर प्रकाश शोषणारी पूड लावली की पायऱ्याच गायब. मेंदूला हिशोब लागत नाही. मग तो कधी म्हणतो सपाट आहे, कधी म्हणतो अथांग आहे.

१९९० मध्ये व्हेनिस बिएनालेला ब्रिटननं आपला प्रतिनिधी म्हणून कपूर यांना पाठवलं. कलेच्या दुनियेत ही जागा म्हणजे ऑलिंपिकच्या संघात निवड होण्यासारखी. 'व्हॉइड फील्ड' तिथे होतं. त्यांना तरुण कलाकारासाठीचा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, ब्रिटनचा टर्नर पुरस्कार.

मित्रा, इथे जरा बोटं मोज. लंडनला आला १९७३. व्हेनिस १९९०. सतरा वर्षं. त्यातली पाच कॉलेजात, रीतसर शिकण्यात. म्हणजे त्यानं इंजिनिअरिंग सोडलं हे खरं, पण शिकणं सोडलं नाही.

पोकळीची एक गोष्ट सांगायलाच हवी. १९९२ मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात त्यांनी 'डिसेंट इनटू लिम्बो' केलं. एक खोली, तिच्या जमिनीत गोल खड्डा, सुमारे अडीच मीटर खोल, आतून गडद काळा. बघणाऱ्याला वाटतं जमिनीवर काळं वर्तुळ रंगवलंय. हेच काम २०१८ मध्ये पोर्तुगालच्या पोर्तो शहरातल्या सेराल्वेस म्युझियममध्ये मांडलं होतं. साठीतले एक गृहस्थ आले, आणि पडले ना त्यात! सावध राहा अशा पाट्या होत्या तरी. हॉस्पिटलात न्यावं लागलं, सुदैवानं फार काही झालं नाही. बातमी जगभर फिरली, लोक हसले. पण शिल्प किती खरं काम करतं, याचा यापेक्षा चोख पुरावा कुठला?

डाव घ्या हातात

आता जरा स्वयंपाकघरात जा. स्टीलचा डाव घ्या, चकचकीत घासलेला. आतल्या खोलगट बाजूत तोंड बघा. उलटं दिसतंय? आता मागची फुगीर बाजू. सुलटं, पण बारीक, आणि मागची सगळी खोली त्यात मावलेली. दहावीच्या विज्ञानात अंतर्वक्र आणि बहिर्वक्र आरसे म्हणून हे शिकलात.

कपूर यांनी हाच डाव घराएवढा केला.

शिकागोच्या मिलेनियम पार्कमधलं 'क्लाउड गेट' तुम्ही शंभर टक्के पाहिलंय, इन्स्टावर तरी. ते स्टीलचं भलंमोठं चकचकीत कडधान्य. लोक त्याला 'द बीन' म्हणतात. घेवड्याचा दाणाच म्हणा ना. कपूर यांना हे टोपणनाव सुरुवातीला बिलकूल आवडलं नव्हतं. पण लोकांनी ठेवलेलं नाव हटत नाही, लाल देवळासारखंच.

१० मीटर उंच, २० मीटर लांब, १३ मीटर रुंद. वजन सुमारे १०० टन. १६८ स्टेनलेस स्टीलचे पत्रे वेगवेगळ्या वळणांत वाकवून, जोडून, वेल्ड करून घासलेत. कल्पना सुचली ती पाऱ्याच्या थेंबावरून. २००४ मध्ये पार्क उघडलं तेव्हा शिल्प अपुरंच होतं, पत्र्यांच्या जोडरेषा दिसत होत्या. मग तंबू ठोकून महिनोन् महिने घासकाम. १५ मे २००६ ला अधिकृत लोकार्पण झालं. आज एक शिवण शोधून दाखवा, सापडणार नाही.

शिकागोत हिवाळ्यात हाडं गोठवणारी थंडी, उन्हाळ्यात कडक ऊन. स्टील थंडीत आकसतं, उन्हात फुगतं. म्हणून बाहेरचं कवच आतल्या सांगाड्याला घट्ट जखडलेलं नाही, हलायला जागा ठेवलीय. ती ठेवली नसती तर हा दाणा कधीच तडकला असता.

मित्रा, हे कुणी केलं? इंजिनिअरनी. वेल्डरनी. पत्रा घासणाऱ्यांनी. २००२ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नच्या टर्बाइन हॉलमध्ये कपूर यांनी 'मार्सियस' उभारलं. लाल पीव्हीसीचं कातडं तीन पोलादी कड्यांवर ताणलेलं, लांबी १५५ मीटर. सेसिल बालमंड नावाचा अव्वल इंजिनिअर त्यात बरोबर होता. त्याच्या गणिताशिवाय ते ताणलंच गेलं नसतं. म्हणजे गणित जमेना म्हणून पळालेला मुलगा आयुष्यभर गणितवाल्यांबरोबरच काम करत राहिला. हे बाबांना जरूर ऐकव. पण मग ते काय म्हणतील, त्यालाही तयार राहा.

मुंबईत तोफ

२०१० च्या अखेरीस कपूर यांचं मोठं प्रदर्शन पहिल्यांदा भारतात आलं. दोन ठिकाणी: दिल्लीची राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय ही संस्था, आणि मुंबईत वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ. हिंदी सिनेमाचं शूटिंग जिथे चालायचं त्या फ्लोअरवर तोफ आणून ठेवली. खरीखुरी! त्यातून ठरावीक वेळानं लाल मेणाचा ११ किलोचा गोळा समोरच्या कोपऱ्यात उडायचा. धडाम! भिंतीवर लाल लगदा. दिवसागणिक ढीग वाढत जायचा. 'शूटिंग इनटू द कॉर्नर' हे त्याचं नाव. वर्षभर आधी लंडनच्या रॉयल अकॅडमीत हेच काम होतं, तिथल्या त्या सोनेरी, शाही दालनात.

काही जणांना त्यात युद्ध दिसलं, काहींना कत्तल, काहींना होळी. कपूर अर्थ सांगत नाहीत. सांगितला की प्रेक्षक विचार करायचं सोडतो, असं त्यांचं मत.

२०१२ मध्ये भारतानं त्यांना पद्मभूषण दिलं. २०१३ मध्ये ब्रिटनच्या राणीनं 'सर' केलं. दोन्ही देश म्हणाले, हा आमचा.

आणि २०१४ च्या डिसेंबरात कोचीच्या बिएनालेत, समुद्राकाठच्या अॅस्पिनवॉल हाउसमध्ये, त्यांनी जमिनीत पाण्याचा भोवरा केला. काळं पाणी गरगरतंय, मधे खळगा, तो खाली कुठे जातो कळत नाही. नाव 'डिसेंशन'. मी फक्त व्हिडिओ पाहिलाय. पण इंद्रायणीला पूर आल्यावर पुलावरून भोवरा बघितला असेल त्याला कळेल, पायाखालची जमीन खरी आहे का, असं कसं वाटतं ते.

सगळं गोडगोड नाही

आता दुसरी बाजू. नाहीतर ही आरती होईल.

'व्हँटाब्लॅक' ऐकलंय? एका ब्रिटिश कंपनीनं २०१४ मध्ये जाहीर केलेला लेप. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचं जंगल, प्रकाश आत शिरला की बाहेर पडत नाही. ९९.९६ टक्के प्रकाश शोषतो. पोकळीच्या या माणसाला ते हवंसं वाटणारच. २०१६ मध्ये कळलं की कलेसाठी तो वापरायचा हक्क एकट्या कपूर यांना मिळालाय. कलाकार खवळले. काळा रंग कुणा एकाचा कसा? स्टुअर्ट सेम्पल नावाच्या ब्रिटिश कलाकारानं उत्तर म्हणून झगझगीत गुलाबी रंग विकायला काढला. अट एकच: अनिश कपूर सोडून कुणीही घ्या. कपूर यांनी तो मिळवलाच, त्यात मधलं बोट बुडवलं आणि फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. वय तेव्हा ६२.

मला विचाराल तर या भांडणात मी सेम्पलच्या बाजूनं. ज्याचं नाव बाजारातल्या उघड्या ढिगांमुळे झालं, कुणीही मूठभर घ्यावं अशा रंगामुळे, त्यानं रंगाला कुलूप लावावं हे मला पटत नाही.

दुसरं, लंडनमधला 'ऑर्बिट' मनोरा. २०१२ च्या ऑलिंपिकसाठी, ११४.५ मीटर उंच, लाल पोलादाचा गुंता. पैसा मुख्यतः उद्योगपती लक्ष्मी मित्तल यांच्या कंपनीचा. लोकांनी नावं ठेवली, तिकिटं अपेक्षेइतकी खपली नाहीत. २०१६ मध्ये त्याला १७८ मीटरची घसरगुंडी जोडली. ती आवडली पोरांना.

आणि तिसरी गोष्ट वाईट आहे. २०१५ मध्ये फ्रान्सच्या व्हर्सायच्या राजवाड्याच्या बागेत त्यांचं 'डर्टी कॉर्नर' ठेवलं होतं, कर्ण्यासारखं प्रचंड पोलादी तोंड. त्यावर कुणीतरी ज्यूंविरुद्धच्या शिव्या रंगवल्या. कपूर म्हणाले, पुसू नका, हा द्वेष लोकांना दिसू दे. न्यायालयानं झाकायला सांगितलं. मग त्यावर सोन्याचा वर्ख लावला गेला. बगदाद सोडून पुण्यात येऊन निर्धास्त प्रार्थना गाणाऱ्या आजोबांच्या नातवाला पॅरिसजवळ हे वाचावं लागलं. त्याच वर्षी सप्टेंबरात कपूर आणि चिनी कलाकार अय वेवे खांद्यावर घोंगडी घेऊन लंडनमध्ये निर्वासितांसाठी मैलोगणती चालले.

आणि कार्ले

आता मुद्द्यावर येतो. 'दादा, पण तो आपला का?' हा प्रश्न कमेंटमध्ये येणार आहे, मला माहितीये. दर वेळी येतो.

काल मी कार्ल्याला गेलो होतो. एकवीरेच्या देवळाच्या अगदी शेजारी चैत्यगृह आहे, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचं. आत गेलात की वर बघा, कमानदार छताला लाकडी फासळ्या आहेत, त्या काळच्या. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांबांची रांग. आणि हे सगळं 'बांधलेलं' नाही. डोंगर आतून काढून टाकलाय. जे दिसतं ते उरलेलं आहे, आणि जे अनुभवतो ती काढून टाकलेली जागा. चूक झाली तर दगड परत चिकटवता येत नाही. पोकळीचं शिल्प म्हणजे काय, हे समजायला लंडनला जायची गरज नाही, मळवली स्टेशनला उतरलात तरी चालेल. अगदी इथे कुसगावातही, द्रुतगती मार्गाच्या मिसिंग लिंकसाठी डोंगराच्या पोटातून जवळपास ९ किलोमीटरचा बोगदा काढलाय. या मुलखाला डोंगर पोखरायची सवय जुनी आहे.

पण मला दाखवायची आहेत ती इथली कोरलेली अक्षरं. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. कुणी काय दान दिलं त्याच्या नोंदी. एकात वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे. वैजयंती म्हणजे आजच्या कर्नाटकातलं बनवासी, असं अभ्यासक मानतात. त्याचा लेख अभिमानानं सांगतो की जंबुद्वीपातलं हे सर्वोत्तम शैलगृह. काही खांबांवर लिहिलंय: धेनुकाकटच्या यवनाचं दान. यवन म्हणजे ग्रीक किंवा तिकडचे परदेशी. आणि दरवाज्यापाशी सामी नावाच्या एका सुताराचं नाव आहे, धेनुकाकटचाच. त्यानं ते प्रवेशद्वार घडवलं.

विचार करा. कन्नड मुलखातला शेठ, ग्रीक वळणाचे परदेशी, एक सुतार. सगळ्यांची नावं एकाच ठिकाणी. आज आपण त्याला काय म्हणतो? 'कार्ल्याची लेणी'. आपली. त्या यवनाच्या खांबापाशी उभं राहून कुणी म्हणत नाही की हा खांब आपला नाही, हा परक्याचा. कोळणी त्याच्या शेजारून ओटी घेऊन जातात.

मग कपूर यांच्या बाबतीतच आपण रेशनकार्ड का मागतो? मला वाटतं तो माणूस 'आपला' आहे का, यावर वाद घालण्यात वेळ जातो आणि काम बघायचं राहून जातं. शिकागोतला तो दाणा शिकागोचा आहे, ज्याचं तोंड त्यात दिसतं त्याचा आहे. परातीतला कुंकवाचा शंकू आपला होताच, पण आपण तो बघितला नव्हता. त्यानं बघितला. त्याच्यामुळे आता आपल्यालाही दिसतो. माझ्यापुरतं एवढं नातं पुरेसं आहे.

एक खंत मात्र राहते. कार्ल्यात सामीचं नाव उरलं, पण छिन्नी चालवणाऱ्या शेकडो हातांची नावं नाहीत. 'क्लाउड गेट' घासणाऱ्यांची नावं तुम्हा-आम्हाला कुठे माहितीयेत? दोन हजार वर्षांत हे फारसं बदललं नाही.

शेवटी, तुझ्यासाठी

मित्रा, तू एक उदाहरण मागितलंस. मी दिलं. आता प्रामाणिकपणे सांगतो, अनिश कपूर हे उदाहरण बाबांवर फेकायला उपयोगाचं नाही. इंजिनिअरिंग सोडणारे हजार असतात, कपूर एक होतो. सोडल्यामुळे तो मोठा झाला नाही. त्यानंतर पाच वर्षं शिकला, मग वर्षानुवर्षं काम करत राहिला. मधे मन खचलं तेव्हा मदत घेतली. ती घ्यायला लाजला नाही.

तेव्हा असं कर. राहिलेल्या दोन विषयांचं काय करायचं ते शांतपणे ठरव. रविवारी पहिल्या लोकलनं मळवलीला उतर, कार्ल्याला चढ. गर्दी व्हायच्या आत चैत्यात जा. वही घे, पेन्सिल घे, एक खांब काढ. पुढच्या रविवारी दुसरा. तीसही खांब झाल्यावर अजून हात शिवशिवत असेल, तर ती वही बाबांपुढे ठेव. हा एपिसोड लावू नकोस, वही ठेव. बाबांना कपूर कोण ते माहीत नसेल, पण पोरानं तीस रविवार पावसात डोंगर चढून काहीतरी केलंय, हे कुठल्याही बापाला कळतं.

आणि बाबांनाही, ऐकत असतील तर, एक विनंती. वही उघडून बघा. पूर्ण.

पाऊस थांबलाय. डोंगर दिसायला लागला, खरंच होता तिथे. मी निघतो, लोकल गाठायचीय. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, आणि जमिनीवर काळं वर्तुळ दिसलं तर आधी पाय टाकू नका!